साक्षीदार नुसतं 'नाही' म्हणतो, मग वाक्य कुणाचं? (मीमांसक आणि बौद्ध काय म्हणतात)

निवृत्त_लघुलेखिका

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी जिल्हा न्यायालयात मराठी लघुलेखिका होते. सगळी नोकरी साक्षी टंकण्यात गेली. ज्यांना कधी पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उलटतपासात वकील विचारतात, "तुमचा आणि आरोपीचा बांधावरून वाद आहे, म्हणून तुम्ही खोटं बोलताय ना?" साक्षीदार म्हणतो, "नाही." साहेब सांगतात, मी टंकते: "माझा व आरोपीचा बांधावरून वाद असल्याने मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." खाली साक्षीदाराची सही नाहीतर अंगठा. माणूस बोलला दोन अक्षरं, कागदावर उतरली दीड ओळ, आणि ती सगळी त्याची. बरं, त्यानं नाकारलं तरी काय? वाद नाकारला की खोटं बोलणं? बांधावरून वाद असेलही, तरी तो खरं बोलत असेल. पुढे अपिलात हीच दीड ओळ वाचून एखादा वकील म्हणणार, "साक्षीदाराने वाद असल्याचेच नाकारले आहे."

निवृत्तीनंतर आमच्या गावातल्या एका प्राध्यापकांकडे संध्याकाळी तर्कसंग्रह, म्हणजे न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक, शिकायला जाते. ते लिहिणाऱ्या अन्नंभट्टांनी वाक्यार्थ कळायला तीन गोष्टी सांगितल्यात: आकांक्षा, योग्यता, संनिधी. 'गाय घोडा माणूस हत्ती' यात एका शब्दाला दुसऱ्याची गरज नाही, म्हणून वाक्य नाही. 'विस्तवाने शिंपतो' यात योग्यता नाही. आणि 'गाय' आत्ता म्हटलं नि 'आण' एका प्रहरानं, तर संनिधी नाही. (जेवणाच्या सुट्टीआधी अर्धी आणि नंतर अर्धी साक्ष टंकलेल्या बाईला संनिधी वेगळी शिकवावी लागत नाही.)

मग सरांनी मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचं, 'द्वारम्' सांगितलं. थंडीवाऱ्यात कुणी नुसतं "दार!" म्हणालं की आपण उठून दार लावतो. त्यांच्यातले भाट्ट, म्हणजे कुमारिल भट्टांचे अनुयायी, म्हणतात, इथे 'लाव' हा शब्दच मनात भरून घ्यावा लागतो. प्राभाकर, म्हणजे प्रभाकरांचे अनुयायी, म्हणतात, शब्द कशाला, अर्थ भरला की पुरे. मला एकदम साहेबांचं डिक्टेशन आठवलं. आम्ही सगळे जन्मभर भाट्ट होतो म्हणायचे!

माझी अडचण इथून पुढची. सरांनी जाता जाता धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाचा एक श्लोक म्हटला आणि वर्ग हसला. 'स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने अग्निहोत्र करावे' या वेदवाक्याचा अर्थ 'कुत्र्याचं मांस खावं' असा नाही, याला प्रमाण काय, असं तो विचारतो. हसून झाल्यावर मला वाटलं, प्रश्न टवाळीचा नाही. पण बौद्धांचं स्वतःचं उत्तर काय? त्यांचा अपोह ऐकून आहे: गाय म्हणजे जे 'गाय नसलेलं' नाही ते. हे झालं सुट्या शब्दाचं. अख्ख्या वाक्याचं काय? आणि कुमारिल-प्रभाकरांचं भांडण नक्की कशावरून आहे? सरांना पुन्हा विचारलं तर "आधी पाठांतर करा" म्हणाले, म्हणून इथे आले.

कट्ट्यावरचा_शास्त्री

ताई, सरांचं ऐका, पाठांतर करा. बौद्ध प्रमाणं, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाची साधनं, दोनच मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दप्रमाणच नाही, मग वाक्यार्थ कुठला? विषय संपला.

मेणवलीकर

शास्त्रीबुवा, इतक्या लवकर संपत नाही हो. शब्द हे *वेगळं* प्रमाण नाही एवढंच बौद्ध तार्किक दिङ्नाग म्हणतो. तो शब्दाला अनुमानात घालतो. माणसांना एकमेकांचं बोलणं कळतच नाही असं म्हणायला तो काही वेडा नव्हता.

ताई, आधी कुमारिल-प्रभाकर घेऊ. दोघेही साधारण सातव्या शतकातले. भांडण हे: पदं आपापला अर्थ सुटा सांगतात आणि मग ते अर्थ एकमेकांत जुळतात, की पद मुळातच जुळलेला अर्थ सांगतं? पहिलं कुमारिलांचं, म्हणजे अभिहितान्वय. दुसरं प्रभाकरांचं, म्हणजे अन्विताभिधान. नावांना घाबरू नका, दोघांचे दाखले बघा.

प्रभाकरांच्या बाजूने लहान मूल येतं. आजोबा म्हणतात "गाय आण", काका गाय आणतो. आजोबा म्हणतात "गाय बांध", काका बांधतो. मग "घोडा आण". ओसरीवर बसलेलं पोर हे बघत असतं. वाक्यातला एक शब्द निघाला, दुसरा आला, की काकाच्या हातून काय बदललं हे बघून ते शब्द शिकतं. त्याला 'गाय' हा शब्द एकटा कधी भेटलेलाच नाही. तो कायम 'आण', 'बांध' यांच्याशी बांधलेलाच भेटला. मग पुढे तरी तो सुटा अर्थ कसा देईल?

कुमारिलांच्या बाजूने घोडा येतो, आणि तो मला फार आवडतो. लांबून काहीतरी पांढरं दिसतंय. कसलं ते कळत नाही. खिंकाळण्याचा आवाज येतो. टापा ऐकू येतात. झटकन कळतं, 'पांढरा घोडा पळतोय.' कुणी एक शब्दही बोललेलं नाही! म्हणजे तीन अर्थ हाती आले की चौथं, त्यांचं जुळणं, आपोआप होतं, त्याला शब्दाची वेगळी ताकद लागत नाही. म्हणून कुमारिलांच्या मते वाक्यार्थ हा नेहमी लक्षणेनेच, म्हणजे शब्दाच्या थेट अर्थावरून पुढे जाऊन, कळतो. प्राभाकर यावर म्हणणार, अहो हे अनुमान झालं, यात वाक्य कुठंय? आक्षेप बरोबर आहे, पण घोडा काही त्यानं मरत नाही.

आता बौद्ध. धर्मकीर्ती म्हणतो, शब्दाचं वस्तूशी अतूट नातं नाही. धूर असला की विस्तव असतोच, तसं 'विस्तव' म्हटलं की विस्तव असतोच असं नाही. म्हणून शब्दावरून वस्तू सिद्ध होत नाही. शब्द फक्त वक्त्याचा अभिप्राय सुचवतात, *वक्त्रभिप्रायसूचकाः*. वाक्य ऐकून आपण अनुमान करतो ते जगाचं नाही, बोलणाऱ्याच्या मनाचं. आता हे वेदाला लावा. मीमांसक म्हणतात वेद अपौरुषेय, त्याला बोलणारा नाही. धर्मकीर्ती विचारतो, बोलणाराच नाही तर अभिप्राय कुणाचा? वाक्य स्वतः उठून सांगत नाही की 'माझा हा अर्थ आहे, तो नाही.' अर्थ लावणार ते भाष्यकार, म्हणजे पुन्हा माणसंच, आणि त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? कुत्र्याचं मांस तिथे येतं. तुम्ही म्हणता तसं, टवाळी नाहीच ती. मीमांसेच्या पायालाच हात घातलाय.

मीमांसकांकडे उत्तर आहे. जैमिनीचं सूत्रच आहे: एक प्रयोजन असलेला आणि तोडला तर तुकड्यांना एकमेकांची गरज भासणारा शब्दसमूह म्हणजे एक वाक्य. बघा, यात वक्ता कुठेही नाही. वाक्याची हद्द वाक्यातच ठरते. मग श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या अशी उतरत्या बळाची सहा साधनं लावून अर्थ काढायचा, कुणाच्या मनात डोकवायचं नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड केले, ते एकदा उघडून बघा. हजारो पानं, सगळी बोलणारा नसलेल्या वाक्यांसाठी.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर साक्षीदाराचा जबाब बौद्ध पद्धतीनं वाचायचा आणि कायद्याचं कलम मीमांसेनं.

निवृत्त_लघुलेखिका

मेणवलीकर, घोडा पोचला! आणि कलमाचं म्हणालात म्हणून एक सांगते. आमच्या कचेरीत जुन्या दत्तकाच्या दाव्यांच्या कागदपत्रांत एक वाक्य पुन:पुन्हा यायचं, वसिष्ठांचं. 'स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊ नये, नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून.' एवढंच. याच्यावर विधवेला दत्तक घेता येतो का, हे ठरायचं. म्हणजे जमीन कुणाची, वाडा कुणाचा, सगळं.

आणि एका वाक्याचे चार अर्थ झाले! मिथिलेत म्हणाले, अनुज्ञा दत्तक घेतानाच हवी, नवरा तर गेला, म्हणून विधवेला दत्तक नाही. बंगालात म्हणाले, नवऱ्यानं हयातीत दिलेली अनुज्ञा त्याच्या मागेही चालते. द्रविड देशात म्हणाले, नवरा नसेल तर सपिंडांची, म्हणजे त्याच्या जवळच्या भाऊबंदांची, संमती चालेल. आणि आपल्याकडे मयूख आणि कौस्तुभ हे धर्मशास्त्राचे ग्रंथ म्हणाले, हे वाक्य जिचा नवरा जिवंत आहे तिच्यापुरतंच. विधवेला अनुज्ञेची गरजच नाही. १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे रामनाडच्या जमीनदारीचा दावा गेला तेव्हा हे चारी अर्थ ओळीनं मांडले गेले आणि ज्या प्रांतात जो चालतो तो तिथे खरा, असं धरलं गेलं. १९५६ चा दत्तकाचा कायदा आला आणि वाक्य निवृत्त झालं.

गंमत म्हणजे हे मयूखवाले नीलकंठ भट्ट पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले, शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्याचे. आणि कौस्तुभवाले अनंतदेव हे मीमांसान्यायप्रकाश लिहिणाऱ्या आपदेवांचे चिरंजीव. ते आपल्या पूर्वजांत गोदातीरच्या एकनाथांचं नाव घेतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या विधवेच्या पदरात जे पडलं ते मीमांसकांनी टाकलं. दयेपोटी नाही, वाक्य कुणाला लागू होतं आणि कुणाला नाही, या हिशेबानं.

आता सांगा, वसिष्ठांच्या मनात काय होतं हे कुणी कसं शोधणार होतं? धर्मकीर्ती मात्र हसला असता. चार प्रांत, चार अर्थ, *का प्रमा*, प्रमाण काय?

पिवळी_पताका

जय भीम ताई. धागा छान चाललाय, पण इथे बौद्ध फक्त आक्षेप घ्यायला येतात आणि मीमांसक घर बांधतात असं चित्र दिसतंय. थोडं आमच्या घरातलं सांगतो.

आमच्याकडे माणूस गेला की म्हणतात, 'अनिच्चा वत सङ्खारा उप्पादवयधम्मिनो', म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, उपजणं आणि नष्ट होणं हाच त्याचा धर्म. नागपुरात लहानपणापासून ऐकतोय. विद्यापीठात पाली शिकताना वसुबंधू या बौद्ध आचार्याचं अभिधर्मकोशभाष्य वाचायला आलं, तर वाक्य कशाला म्हणायचं हे सांगताना त्यानं उदाहरण दिलंय तेच, संस्कृतात: 'अनित्या बत संस्काराः'. जेवढ्यानं अर्थ पुरा होतो तेवढं वाक्य, बस्. मग त्यावर बौद्धांच्याच दोन पंथांचं घरातलं भांडण. सर्वास्तिवादी म्हणतात, हे अर्थ पुरं करणारं जे आहे ते आवाजाहून वेगळं, खरंखुरं अस्तित्व असलेलं तत्त्व आहे. सौत्रांतिक म्हणतात, कशाला आणखी एक वस्तू? ठरलेल्या संकेतानं उच्चारलेला आवाज पुरे आहे. वसुबंधूचा कल सौत्रांतिकांकडे.

दुसरं. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, चुल्लवग्गात गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाकडे तक्रार घेऊन येतात, नाना ठिकाणचे लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते छंदसात, म्हणजे वेदांसारख्या भाषेत, बसवतो. बुद्ध नाही म्हणतो. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. वेदवाक्यातला एक स्वर हलवायचा नाही. इथे अख्खी भाषा बदलली तरी चालते, अर्थ टिकला पाहिजे. 'अर्थाचा आधार घ्या, अक्षरांचा नको' हे तर बौद्धांच्या चार प्रतिसरणांत, म्हणजे कशाचा आधार घ्यावा याच्या चार नियमांत, आहे. त्यामुळे बौद्ध वक्त्याच्या अभिप्रायाकडे जातात ते केवळ वेद पाडायला नाही. त्यांच्याकडे बोलणारा होता, तोही नाव-गाव असलेला माणूस.

आता ताईंचा मूळ प्रश्न, अपोह वाक्याला कसा लागतो. हा आक्षेप कुमारिलांनीच श्लोकवार्तिकात घेतलाय: 'च' सारख्या शब्दांनी काय वगळायचं? आणि वाक्यार्थात काय वगळलं हे तर दाखवताच येत नाही. आठव्या शतकात बौद्ध आचार्य शांतरक्षितानं तत्त्वसंग्रहात उत्तर दिलं. 'आणि' म्हणजे दोन्ही. म्हणजे 'किंवा' वगळलं गेलं की नाही? वाक्याचंही तसंच. वाक्यार्थ म्हणजे एकत्र आलेले पदार्थच, वेगळं काही नाही. 'चैत्रा, गाय आण' म्हटलं की चैत्राशिवायचे सगळे वगळले, गाईशिवायचं सगळं वगळलं, आणण्याशिवायच्या सगळ्या क्रिया वगळल्या.

उत्तर पटतं का? मला अर्धंच पटतं. आपण ऐकताना आधी वगळतो आणि मग गाय उरते, असं काही मनात होताना दिसत नाही. अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीनं हेच ओळखून सांगितलं की शब्दानं सकारात्मक अर्थच कळतो, फक्त त्याच कळण्यात इतरांचं वगळणं गुंतलेलं असतं. हे मला जास्त पटतं.

तुमच्या साक्षीदाराचं 'नाही' मात्र शांतरक्षिताला छान जमेल. ते वगळण्याखेरीज दुसरं काही करतच नाही!

कट्ट्यावरचा_शास्त्री

शब्दप्रमाण नाही ते नाहीच. बाकी दत्तकाचं माहीत नव्हतं. आमच्या पणजीने असाच दत्तक घेतला होता, त्यावरून भाऊबंदांशी तीन पिढ्या कोर्टकचेरी झाली.

अव्यय

सगळे आले, वैयाकरण, म्हणजे व्याकरणवाले, राहिले. ताई, 'नाही' साठी तुम्हाला त्यांच्यातल्या भर्तृहरीकडे जावं लागेल.

त्याच्या वाक्यपदीय या ग्रंथाचं दुसरं कांड वाक्य म्हणजे काय याच्या आठ मतांनी सुरू होतं. क्रियापद म्हणजे वाक्य, पदांचा समूह म्हणजे वाक्य, क्रम म्हणजे वाक्य वगैरे. भर्तृहरीचं स्वतःचं मत: वाक्य अखंड आहे, पदं आपण नंतर कापून काढतो, शिकण्या-शिकवण्याच्या सोयीसाठी. 'ब्राह्मणकम्बल' (ब्राह्मणाचं कांबळं) या शब्दात जसा 'ब्राह्मण' सुटा काही सांगत नाही, तसा वाक्यातला 'देवदत्त'ही सुटा काही सांगत नाही. म्हणजे कुमारिल-प्रभाकर ज्याच्यावरून भांडतात ते तुकडेच याला मान्य नाहीत. आणि जिथे एकट्या पदानं काम भागतं तिथे ते पद हेच वाक्य, त्यात भर घालायची गरज नाही. तुमच्या साक्षीदाराचं वाक्य पुरं होतं. साहेबांनी लिहवलं ते *दुसरं* वाक्य.

मग अर्थ काय? तो म्हणतो, प्रतिभा. सुट्या अर्थांहून वेगळी, एकदम चमकून जाणारी जाण, तिलाच वाक्यार्थ म्हणायचं. त्याचा एक श्लोक माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातला वाटतो: पोराला सांगितलं, "कावळ्यांपासून तूप सांभाळ." कुत्रं आलं तर पोरगं गप्प बसेल का? वाक्यात कुत्रं नाही. आकांक्षा, योग्यता, संनिधी, सगळं कावळ्यापाशी संपलं. तरी पोराला कळतं की तुपाला तोंड लावणाऱ्या कुणालाही हाकलायचंय.

आणि पिवळी_पताका, हे तुमच्यासाठी: दिङ्नागानं आपल्या प्रमाणसमुच्चय ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात, अपोहाच्या चर्चेतच, वाक्यार्थ म्हणजे प्रतिभा असं सरळ म्हटलंय. पद हे वाक्यातून अलग काढलेलं, हेही म्हटलंय. म्हणजे वाक्याच्या बाबतीत तो भर्तृहरीच्या ओसरीवर बसलाय. भर्तृहरीच्या कारिका तो वापरतो, म्हणूनच तर भर्तृहरीचा काळ पाचव्या शतकापर्यंत मागे गेला. त्याआधी सगळे चिनी प्रवासी इत्सिंगवर विसंबून त्याला सातव्या शतकात बसवत होते. याच इत्सिंगनं लिहिलंय की भर्तृहरी सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. खरं की खोटं, देव जाणे. पण वेद मानणारा हा वैयाकरण बौद्धांना आपला वाटला असावा, एवढं त्यातून दिसतं. 'हिंदू विरुद्ध बौद्ध' अशी रेघ या विषयात सरळ मारताच येत नाही. शांतरक्षित वाक्यार्थाला जुळलेले पदार्थ म्हणतो तेव्हा तो दिङ्नागापेक्षा कुमारिलांच्या जवळ गेलेला असतो!

निवृत्त_लघुलेखिका

अव्यय, तूप-कावळा उद्या वर्गात सांगणार. पण एक आक्षेप घेते, सवय गेली नाही. ही प्रतिभा कुणाची? पोराला कुत्रं कळलं, ठीक. पण कोर्टात त्या 'नाही' वर सरकारी वकिलांना एक चमकतं, बचाव पक्षाला दुसरं, साहेबांना तिसरं. टंकणारीला काय चमकलं ते कुणी विचारत नाही. सगळ्यांचीच प्रतिभा म्हणजे वाक्यार्थ असेल तर निकाल कसा द्यायचा?

अव्यय

हे त्याला ठाऊक आहे. त्याच कांडात तो म्हणतो, बोलणारा एका रीतीनं बोलतो, पण ऐकणारे वेगवेगळे असले की जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे त्या शब्दाचा अर्थ वाटून घेतो. अर्थ नक्की करायला प्रकरण, प्रयोजन, औचित्य, देश, काळ ही साधनं त्यानं दिलीत. पण निकाल द्यायची जबाबदारी वैयाकरणाची नाही ताई, ती तुमच्या साहेबांची.

निवृत्त_लघुलेखिका

साहेबांकडे तोडगा होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये साक्ष सलग निवेदनाच्या रूपात लिहायची, पण न्यायाधीशांना वाटलं तर एखादा भाग प्रश्नोत्तर रूपात घेता येईल, अशी मुभा होती. माझ्या वेळचे एक साहेब अशा जोड-प्रश्नावर हात वर करायचे आणि म्हणायचे, "बाई, प्रश्न जसाच्या तसा घ्या, उत्तर जसंच्या तसं." मग कागदावर वकिलांचा प्रश्न पुरा यायचा आणि खाली, 'उत्तर: नाही.' दोन्ही बाजूंचे वकील नाराज व्हायचे. ते साहेब भाट्ट नव्हते हे आज कळलं. प्राभाकरही नव्हते, त्यांनी अर्थही भरला नाही.

पिवळी_पताका, रत्नकीर्तीचं मराठीत काही आहे का? संस्कृत माझं अजून तर्कसंग्रहापुरतंच आहे.